पायपर कबला ऑटोपायलट बसवताना : लोहगाव ते सातारा, हात मोकळे

पायपर कब म्हणजे जुनं, हलकं, दोन माणसांचं विमान. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळात, ते उडवायला जितकं गोड, तितकंच लांब पल्ल्याला जीव खाणारं. वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून साताऱ्यापर्यंत हवेतलं सरळ अंतर १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वारा पडलेला असला तरी ५० मिनिटं. एवढा वेळ जॉयस्टिक धरून बसलं की मनगट भरून येतं. खिडकीतून पुरंदर नीट बघावा म्हटलं तर तेवढ्यात डावा पंख खाली गेलेला असतो. चहाचा कप उचलायचीही सोय नाही.

यावर उपाय म्हणजे कबला ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप सरळ चालवणारं यंत्र, बसवणं. हे काम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये कसं करायचं ते इथे सांगतो. हा सिम्युलेटर २००६ चा, त्याची स्टीमवरची आवृत्ती २०१४ ची. आता नवे सिम्युलेटर आले आहेत, दिसायला कितीतरी देखणे आहेत. पण आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेला लॅपटॉपच चालू आहे आणि त्यावर हाच नीट चालतो. शिवाय त्याच्या विमानांच्या फायली साध्या मजकुराच्या असतात. नोटपॅडमध्ये उघडा, बदला, सेव्ह करा. शिकायला याहून सोपी जागा नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट बजावतो. पुष्कळजण फाइलमध्ये एका ठिकाणी शून्याचा एक करतात, बटण दाबतात, काहीच होत नाही आणि मग वैतागून सोडून देतात. ऑटोपायलटला तीन गोष्टी लागतात : वीज, दिशा आणि कल सांगणारे जायरो (वेगाने फिरणाऱ्या चाकावर चालणारी उपकरणं), आणि किती जोर लावायचा याची मर्यादा. आधुनिक विमानाच्या फाइलमध्ये पहिल्या दोन्ही आधीच असतात, म्हणून तिथे एका आकड्यात काम भागतं. जुन्या विमानात त्या मुळातच नसतात. घोडं अडतं ते तिथे.

जुन्या विमानात ऑटोपायलट शोभतो का?

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच निकालात काढू. ऑटोपायलट ही जेटच्या जमान्यातली चीज नव्हे. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरीने कर्टिसच्या उडत्या बोटीत जायरोवर चालणारं स्थिरक यंत्र दाखवलं. त्याचा मेकॅनिक एमिल काशां चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला आणि स्पेरीने दोन्ही हात वर केले. विमान सरळ चालत राहिलं. १९३३ मध्ये वायली पोस्टने एकट्याने जगप्रदक्षिणा केली, ती ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत. त्याच्या लॉकहीड व्हेगामध्ये स्पेरीचा ऑटोपायलट होता. नाहीतर माणूस झोपणार कधी?

डीसी-३ या जुन्या प्रवासी विमानातही स्पेरीचाच ऑटोपायलट असे. जायरो हवेवर फिरायचे, सुकाणूची पातं तेलाच्या दाबावर हलायची. पायलटसमोर तीन खुंट्या : रडर (नाक डावी-उजवीकडे), एलेरॉन (पंखांचा कल), एलेव्हेटर (नाक वर-खाली). दिशा आणि विमानाचा कल एवढंच ते सांभाळायचं. ठरावीक उंची धरून ठेवणं त्याला जमत नसे, त्यासाठी पायलट मधूनमधून खुंटी फिरवायचा.

यावरून माझं मत असं की जुन्या विमानाला द्यायचं तर पंख समतल ठेवणं आणि दिशा धरणं एवढं मनापासून द्यावं, उंची धरणं थोडं हात राखून द्यावं, आणि धावपट्टीवर आपोआप उतरवणारा मोड अजिबात देऊ नये. खऱ्या जे-३ कबमध्ये तर वीजच नव्हती. ६५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन पंखा हाताने फिरवून सुरू करायचे. अशा विमानाला आयएलएस, म्हणजे धावपट्टीकडे आणणारा रेडिओ इशारा, पकडायला लावणं म्हणजे निव्वळ आचरटपणा.

आधी प्रत, मग कात्री

मूळ विमानाला हात लावायचा नाही. बैल गेला अन् झोपा केला, असं इथे फार पटकन होतं. सिम्युलेटर जिथे बसवला आहे त्या फोल्डरमध्ये ‘सिमऑब्जेक्ट्स’, त्यात ‘एअरप्लेन्स’. स्टीमची आवृत्ती असेल तर वाट ‘स्टीमॲप्स’, ‘कॉमन’, ‘एफएसएक्स’ अशी जाते. तिथे कबचा फोल्डर सापडेल. त्याची आहे तिथेच प्रत करा आणि तिला वेगळं नाव द्या.

आता त्या प्रतीतली ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’ नोटपॅडमध्ये उघडा. ‘फ्लटसिम डॉट शून्य’ असं चौकोनी कंसातलं शीर्षक दिसेल. रंगसंगती जास्त असतील तर पुढे एक, दोन असे आणखी भाग असतील. प्रत्येक भागात ‘टायटल’ नावाची ओळ असते. हे टायटल साऱ्या सिम्युलेटरमध्ये एकमेव असावं लागतं. दोन विमानांचं टायटल सारखं राहिलं की कुठलं उघडेल याचा भरवसा नाही, आणि तुम्ही मूळ विमान उडवत बसून ‘बदल लागू होत नाहीत’ म्हणून डोकं धरणार. प्रत्येक टायटलच्या शेवटी काहीतरी जोडा. ‘यूआय व्हेरिएशन’ या ओळीतही तेच जोडा, म्हणजे यादीत विमान वेगळं ओळखू येईल.

विंडोज सेव्ह करू देत नसेल तर कारण साधं आहे. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या फायली बदलायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. नोटपॅडवर उजवं क्लिक करून ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ निवडा आणि मग त्यातून फाइल उघडा. दुसरी खोड नोटपॅडची : ‘सेव्ह ॲज’ केलं की फाइलच्या नावाला मागून ‘टीएक्सटी’ची शेपटी लागते आणि सिम्युलेटरला फाइल सापडत नाही. फोल्डरच्या सेटिंगमध्ये फायलींची एक्स्टेन्शन दिसतील असं करून ठेवा. आणि आपल्याकडची लाईट कधी जाईल हे कोणी सांगावं, तेव्हा डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी दर बदलानंतर सेव्ह करावं.

पुढे जी नावं आणि आकडे देतो ते देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ते अर्थातच इंग्रजी लिपीत, इंग्रजी अंकांत टाइप करायचे, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन. स्पेलिंगची शंका आली तर त्याच सिम्युलेटरमधल्या सेसना १७२ या विमानाची फाइल शेजारी उघडून ठेवा. तिच्यात यातली बरीचशी नावं जशीच्या तशी मिळतात.

वीज

फाइलमध्ये ‘इलेक्ट्रिकल’ हा भाग शोधा. विमानागणिक इथलं चित्र वेगळं असतं. कुठे बॅटरी आणि जनरेटर दोन्ही असतात, कुठे नुसती नावाला दोन-चार ओळी. बघायच्या गोष्टी दोनच.

पहिली, ऑटोपायलटसाठी सर्किटची ओळ. तिच्यात तीन आकडे असतात : कुठल्या बसवरून (वीज वाटणाऱ्या वाहिनीवरून) वीज घ्यायची, जास्तीत जास्त किती अँपिअर, आणि कमीत कमी किती व्होल्ट असले तर यंत्र चालेल. मोठ्या विमानातून उचललेली ओळ बहुतेक वेळा अशी दिसते :

ऑटोपायलट = ०, ५, १७.०

शून्य म्हणजे मुख्य बस. पाच अँपिअर ठीक. गोची तिसऱ्या आकड्यात आहे. १७ व्होल्टची अट २४ व्होल्टची बॅटरी धरून घातलेली असते. जुनी लहान विमानं १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्या फाइलमध्ये ही ओळ आंधळेपणाने चिकटवली तर बॅटरी कितीही भरलेली असो, १७ व्होल्ट कधी येणारच नाहीत आणि ऑटोपायलट जन्मात जागा होणार नाही. बॅटरीच्या ओळीत १२ दिसलं तर इथे ९ लिहा.

दुसरी गोष्ट कबसारख्या वीजच नसलेल्या विमानांसाठी. त्याच भागात ‘इलेक्ट्रिक ऑलवेज अव्हेलेबल’ अशी ओळ असते किंवा तुम्ही घालू शकता. तिला एक दिला की बॅटरी असो नसो, वीज आहे असं सिम्युलेटर धरून चालतो. काटेकोर लोकांना हे खटकेल. त्या काळी काही विमानांवर वाऱ्यावर फिरणारा छोटा जनरेटर बाहेर लावलेला असे, तोच इथे आहे असं समजा आणि पुढे चला.

जायरो

ऑटोपायलटला स्वतःला डोळे नसतात. विमान कुठल्या बाजूला कललं आणि नाक कुठे आहे हे तो जायरोच्या उपकरणांकडून ऐकतो. कबच्या पॅनलवर चुंबकी होकायंत्र असतं, पण कल दाखवणारं कृत्रिम क्षितिज नसतं आणि दिशेचा जायरोही नसतो.

फाइलमध्ये दोन भाग लागतील. ‘डायरेक्शन इंडिकेटर्स’ या भागात पहिलं उपकरण शून्य क्रमांकाचं असतं आणि त्याच्यापुढे प्रकाराचा आकडा : एक म्हणजे हवेच्या पोकळीवर चालणारा जायरो, दोन म्हणजे विजेवर चालणारा. ‘ॲटिट्यूड इंडिकेटर्स’ या भागातही तसंच, एक पोकळीचा, दोन विजेचा. भाग नसतील तर सेसनाच्या फाइलमधून उचलून आणा आणि दोन्हीकडे प्रकार दोन करा. वीज आपण आधीच कायमची चालू केली आहे, तेव्हा जायरो बिनतक्रार फिरतील.

हौशी मंडळींना एक हा प्रकार जास्त खरा वाटेल आणि ते बरोबरही आहे. इंजिनला पोकळीचा पंप नसलेल्या जुन्या विमानांच्या अंगाला बाहेरून व्हेंच्युरी नळी लावलेली असे. वारा तिच्यातून गेला की जायरो फिरायचे. म्हणून विमान जमिनीवर उभं असताना ते झोपलेले असत. पण हा मार्ग घेतलात तर ‘व्हॅक्यूम सिस्टिम’चा भागही नीट भरावा लागतो. पहिल्या खेपेला त्या भानगडीत पडू नका.

सिम्युलेटरच्या रिअ‍ॅलिझमच्या पानावर जायरो ड्रिफ्ट चालू करायची सोय आहे. ती चालू ठेवली तर दिशेचा जायरो हळूहळू होकायंत्रापासून सरकत जातो आणि ऑटोपायलट त्या खोट्या दिशेला इमाने इतबारे धरून बसतो. डीचं बटण दाबलं की जायरो होकायंत्राशी पुन्हा जुळतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी दाबायची सवय लावा, किंवा सुरुवातीला ड्रिफ्ट बंदच ठेवा.

ऑटोपायलटचा भाग

आता मुख्य काम. फाइलमध्ये ‘ऑटोपायलट’ नावाचा भाग आधीच आहे का ते शोधा. असेल तर तोच बदला, खाली दुसरा लिहू नका. एकाच नावाचे दोन भाग झाले की गोंधळ ठरलेला. नसेल तर फाइलच्या शेवटी चौकोनी कंसात ते नाव घालून खालच्या ओळी लिहा.

ऑटोपायलट_अव्हेलेबल = १
फ्लाइट_डायरेक्टर_अव्हेलेबल = ०
ऑटोथ्रॉटल_अव्हेलेबल = ०
डिफॉल्ट_व्हर्टिकल_स्पीड = २५०
मॅक्स_पिच = ६
मॅक्स_बँक = १५
डिफॉल्ट_पिच_मोड = ०
डिफॉल्ट_बँक_मोड = १
डायरेक्शन_इंडिकेटर = ०
ॲटिट्यूड_इंडिकेटर = ०

शेवटच्या दोन ओळींतला शून्य म्हणजे ‘बंद’ नव्हे. आपण वर जे शून्य क्रमांकाचे जायरो बसवले त्यांचंच ऐक, असं त्याला सांगितलं आहे. बँक मोड एक म्हणजे ऑटोपायलट चालू होताच तो आधी पंख समतल करेल. पिच मोड शून्य म्हणजे नाकाला आपणहून हात लावणार नाही.

बाकीच्या आकड्यांवर जरा थांबू, कारण आयत्या फायली उचलणारे इथेच फसतात. मोठ्या विमानांत व्हर्टिकल स्पीड ७०० फूट प्रतिमिनिट असतो. कब समुद्रसपाटीवर, थंड हवेत, नवं कोरं असताना मिनिटाला साधारण ४५० फूट चढायचं. त्याला ७०० चा हुकूम दिला तर ऑटोपायलट नाक वर करत राहील, वेग मरेल आणि विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल संपून खाली कोसळेल. २५० पुरे. वळण्याची मर्यादा १५ अंश कशी आली? प्रमाणित वळणाला, म्हणजे दोन मिनिटांत पूर्ण गोल, लागणारा कल काढायचा तर नॉटमधल्या वेगाला दहाने भागून सात मिळवायचे, हा पायलटांचा जुना हिशेब आहे. ६५ नॉटला येतात साडेतेरा. त्याच्यावर थोडी सूट दिली. २५ अंश ठेवले तर काम चालतं, पण वळताना उंची जाते आणि ती सावरायला ऑटोपायलट नाक ओढतो. एका दुखण्यातून दुसरं.

ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर आपोआप सांभाळणारं यंत्र, शून्यच ठेवा. खऱ्याखुऱ्या जुन्या विमानात तो नव्हता हे एक कारण, आणि थ्रॉटल तरी आपल्या हातात असावा हे दुसरं.

बटणं की पॅनल

पॅनलवर काहीही न लावता हा ऑटोपायलट कीबोर्डवरून चालतो. झेड दाबलं की मुख्य स्विच. कंट्रोल आणि व्ही म्हणजे पंख समतल, कंट्रोल आणि एच म्हणजे दिशा धरणं, कंट्रोल आणि झेड म्हणजे उंची धरणं. मला हेच आवडतं. कबच्या चार तबकड्यांच्या पॅनलवर डिजिटल आकड्यांची पट्टी बघवत नाही.

पण कुठली दिशा आणि कुठली उंची हे आकडे बघायला, फिरवायला खिडकी हवी असेल तर सेसना १७२ च्या पॅनल फोल्डरमधली ‘पॅनल डॉट सीएफजी’ उघडा. तिच्यात बेंडिक्स किंग रेडिओच्या गेजेसच्या ओळी दिसतील, त्यातली जिच्या शेवटी ‘एपी’ आहे ती ऑटोपायलटची. कबच्या प्रतीतल्या पॅनलच्या फाइलमध्ये वर ‘विंडो टायटल्स’ या यादीत पुढचा मोकळा क्रमांक घेऊन एक नाव वाढवा, खाली त्याच क्रमांकाचा भाग तयार करा आणि त्यात ती ओळ पहिलं गेज म्हणून टाका. खिडकीचा आकार आणि जागा सेसनातल्या एखाद्या लहान खिडकीवरून घ्या. ‘आयडेंट’ हा आकडा मात्र त्या फाइलमध्ये दुसऱ्या कुठल्याही खिडकीचा नसावा. मग उडताना शिफ्ट आणि त्या खिडकीच्या क्रमांकाचं बटण दाबलं की पट्टी उघडते, पुन्हा दाबलं की मिटते.

एखाद्या विमानाच्या पॅनल फाइलमध्ये नुसती ‘अलायस’ अशी एक ओळ सापडेल. म्हणजे त्याचं पॅनल दुसऱ्या विमानाच्या फोल्डरमध्ये आहे. बदल तिथे न करता ते पॅनलच तुमच्या प्रतीत आणून बदला.

पहिली चाचणी

सिम्युलेटर सुरू करा, प्रत निवडा. साताऱ्याला विमानतळ नाही, जिल्ह्यातली धावपट्टी कराडला. म्हणून सुरुवात लोहगावहून. (खऱ्या हवाई दलाच्या तळावरून पिवळं कब सोडलं असतं का, हा प्रश्न विचारू नका.) हवामान स्वच्छ, वारा शून्य. पहिल्या खेपेला एवढी सवलत घ्या.

उडाण हातानेच करायचं. ५,५०० फुटांपर्यंत हातानेच चढा. ही उंची सहज निवडलेली नाही. लोहगाव १,९०० फुटांवर आहे, पण साताऱ्याच्या वाटेवर पुरंदर जवळजवळ रेषेवरच येतो आणि त्याची उंची साधारण ४,५०० फूट. ऑटोपायलटला डोंगर दिसत नाही.

वर पोचलात की थ्रॉटल मागे घेऊन इंजिन मिनिटाला २,१५० फेऱ्यांच्या आसपास आणा आणि ट्रिम, म्हणजे हात न लावता नाक जागेवर ठेवणारी सोय, लावा. ट्रिम इतका नेमका हवा की हात सोडल्यावर नाक ना वर जातं, ना खाली. घाई करू नका. ऑटोपायलट नाकाचं काम एलेव्हेटरच्या ट्रिमवरच करतो, म्हणजे तुम्ही जिथे ट्रिम सोडाल तिथून त्याची सुरुवात. बिघडलेल्या ट्रिमवर चालू केलात की पहिल्याच मिनिटाला गटांगळी.

आता झेड. पंख हळूच समतल झाले पाहिजेत. झाले नाहीत तर उगाच बाकीची बटणं दाबू नका. मागे या आणि क्रमाने तपासा : टायटल बरोबर आहे का, वीज आहे का, जायरो आहेत का. पंख समतल झाले की दिशेचा आकडा १७५ करा आणि कंट्रोल, एच. विमान सावकाश कलून दक्षिणेला वळेल. त्या वळणात घसरणीचा गोळा (विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणारा) बघा, तो वळणाच्या आतल्या बाजूला जाईल. कारण हा ऑटोपायलट फक्त एलेरॉन हलवतो, रडरला हात लावत नाही, आणि कबसारख्या जुन्या पंखांचं विमान नुसत्या एलेरॉनवर वळवलं की नाक आधी उलटीकडे जातं. रिअ‍ॅलिझममध्ये ऑटोरडर चालू करा, किंवा पायाने, नाहीतर जॉयस्टिक पिळून, थोडा रडर द्या. मला दुसरं बरं वाटतं. पायाला काम राहतं.

उंची सगळ्यात शेवटी. आधी ऑटोपायलटच्या खिडकीतला उंचीचा आकडा तुमच्या चालू उंचीवर आणा, मगच कंट्रोल, झेड. तिथे मागचा कुठला तरी आकडा राहिला असेल तर तो तिकडे धाव घेईल.

आता हात सोडा. माझ्याकडे ही चाचणी चालू असताना शेजारचा एक शाळकरी पोरगा पडद्याला नाक लावून बसला होता. म्हणाला, “काका, हे एकटंच चाललंय?” एकटंच चाललं होतं. पण कॉकपिटमध्ये ट्रिमची मूठ बारीक बारीक सरकत होती, जराशी पुढे, थांबली, पुन्हा जराशी मागे. त्या मुठीवर नजर ठेवायला शिका. ऑटोपायलट सुखात आहे की झगडतो आहे हे उंचीच्या काट्याच्या आधी तिथे कळतं. मूठ एकाच दिशेला सतत सरकत राहिली तर काहीतरी बिनसलंय.

नाक वरखाली डोलत असेल तर

नव्वद टक्के तक्रार हीच असते : विमान उंची धरतं खरं, पण शंभर फूट वर, शंभर फूट खाली, असं लाटांवरून जातं. लगेच फाइलमधले आकडे फिरवू नका, आधी जॉयस्टिक बघा. जुनी जॉयस्टिक मधोमध सोडली तरी थोडा इशारा पाठवत राहते आणि तो ऑटोपायलटच्या कामात मिसळतो. सेटिंगमध्ये तिचा नल झोन, म्हणजे मधला दुर्लक्षित पट्टा, वाढवा. निम्मे लोक इथेच बरे होतात.

मग वजन. कबमध्ये एकटा पायलट मागच्या सीटवर बसतो, पुढच्या नव्हे. सिम्युलेटरच्या पेलोडच्या पानावर वजन कुठे टाकलंय ते बघा. गुरुत्वमध्य फार मागे गेला असेल तर विमान मुळातच चंचल होतं आणि त्याला कुठलाच ऑटोपायलट आवरू शकत नाही.

एवढं करूनही डोलत असेल तर ‘फ्लाइट ट्यूनिंग’ या भागात ‘एलेव्हेटर ट्रिम इफेक्टिव्हनेस’ हा आकडा आहे. तो १.० असेल तर ०.९ करा, उडवून बघा, मग ०.८. एका वेळी एकच आकडा, एका वेळी थोडाच. खूप कमी केला तर उलटं होतं : ट्रिम टोकाला जातो आणि विमान हळूहळू उंची सोडत राहतं. याच भागात ‘पिच स्टॅबिलिटी’ आहे. तो वाढवून डोलणं थांबतं, पण विमानाचा हातातला स्वभाव बदलतो, कब कबसारखं राहत नाही. म्हणून मी तो शेवटचा उपाय मानतो.

प्रत्येक बदलानंतर अख्खा सिम्युलेटर बंद करायची गरज नाही. कंट्रोल्सच्या यादीत विमान पुन्हा लोड करण्याचा आदेश आहे, त्याला एखादं मोकळं बटण द्या. उडताना ते दाबलं की फाइल नव्याने वाचली जाते.

आणखी एक. कंटाळा आला म्हणून सिम्युलेटरचा वेळ आठपट पळवला की ऑटोपायलट झिंगल्यासारखा हेलकावे खातो. दोष तुमच्या आकड्यांचा नसतो. दुपटीवर ठेवा, फार तर चौपट.

एप्रिलची हवा आणि जूनचा वारा

घरच्या हवामानात उडवायचं तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली उष्मा. सातारा समुद्रसपाटीपासून २,४०० फुटांच्या आसपास. एप्रिलात पारा ३८ ला गेला की तिथली हवा विरळ होऊन विमानाला ती साधारण ५,७०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. त्याच दिवशी ५,५०० फुटांवर उडत असाल तर विमानाच्या लेखी तुम्ही पावणेनऊ हजारांच्या आसपास आहात, आणि कबची कमाल मर्यादा साडेअकरा हजार. चढायला जोर उरत नाही. अशा वेळी उंची धरायला लावलेला ऑटोपायलट फार धोक्याचा. विमान किंचित खाली आलं की तो नाक वर करतो, त्याने वेग कमी होतो, विमान आणखी खाली येतं, तो आणखी ओढतो. ४५ नॉटच्या खाली काटा जाताना दिसला की आधी झेड दाबून तो बंद करा, मग नाक खाली आणि थ्रॉटल पुढे. बंद करताना ट्रिम फार वर गेलेला असेल, त्यामुळे नाक आपोआप वर उसळी घेईल. कांडी पुढे दाबून धरा आणि ट्रिम पुन्हा लावा.

दुसरी गोष्ट वारा. ऑटोपायलट नाकाची दिशा धरतो, जमिनीवरची वाट नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा २५ नॉटचा धरा. लोहगावहून १७५ वर सोडलेलं कब ५० मिनिटांत ३८ किलोमीटर पूर्वेला वाहून जातं. अजिंक्यतारा शोधत तुम्ही पुसेगावच्या आसपास पोचलेले असता. उपाय नाक वाऱ्याकडे फिरवण्याचा. एवढ्या वाऱ्याला २२ अंश पश्चिमेकडे, म्हणजे दिशा १९७. तेव्हा विमान तिरकं उडताना दिसेल आणि वेळही थोडा जास्त लागेल, पण खाली खंबाटकीचा घाट बरोबर सापडेल. वारा दर वीस मिनिटांनी बदलतो असं समजून खालची नदी, रस्ता, धरण बघून आकडा सुधारत राहायचं.

जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पुस मॉथ या छोट्या विमानातून टपाल आणलं आणि तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. नकाशावर जुहू ते बेल्लारी सरळ रेघ ओढा, ती खटाव तालुक्यावरून जाते. हा ऑटोपायलट जमला की पुढची फेरी त्याच रेघेवर करून बघा. वाऱ्याचा हिशेब तिथे कळतो.

इतर सिम्युलेटर

मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलटचा भाग ‘सिस्टिम्स डॉट सीएफजी’ या वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि सोबत आलेली काही विमानं कुलूपबंद आहेत, त्यांच्या फायली उघडत नाहीत. एक्स-प्लेनमध्ये प्लेन मेकर नावाचा सोबतचा प्रोग्रॅम आहे, त्यात हे काम खिडक्यांतून होतं. फ्लाइटगिअर फुकट आहे आणि त्यात ऑटोपायलट एक्सएमएल फाइलमध्ये मुळापासून बांधता येतो, पण त्यासाठी पीआयडी नियंत्रकाचं (चूक मोजून सतत सुधारणाऱ्या यंत्रणेचं) गणित कळावं लागतं. इंजिनिअरिंगची इन्स्ट्रुमेंटेशनची पोरं त्यात रमतील.

विकत घेतलेल्या विमानात असे बदल केलेत तर ते स्वतःपुरते ठेवा. बदललेली अख्खी फाइल मित्राला देऊ नका, फक्त कुठल्या ओळी बदलल्या ते सांगा. त्याच्याकडे विमान असेल तर तो दहा मिनिटांत करून घेईल.